स्पेनमध्ये मुरलेली, पुण्यात घेतलेली: कोणती आयात वाइन पैसे वसूल करते

पुण्यात अडीच हजारांच्या आसपास मोजून एक परदेशी रेड वाइन घ्यायची असेल तर स्पेनच्या रिओहा भागातली क्रियान्सा घ्या. चार हजारांपर्यंत हात जात असेल तर तिथलीच रेसेर्वा. शेजारच्या फळीवर फ्रान्स, इटली, चिली, ऑस्ट्रेलियाच्या बाटल्या असतात, त्यांत चांगल्याही असतात. पण एवढ्या पैशांत इतकी मुरलेली वाइन दुसरा देश सहसा देत नाही. हा आवडीनिवडीचा भाग नाही, स्पेनच्या नियमांमुळे असं होतं.

रिओहात रेड वाइनच्या लेबलवर क्रियान्सा हा शब्द लावायचा तर ती किमान २ वर्षं मुरलेली असावी लागते, आणि त्यातलं किमान १ वर्ष २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षं लागतात, त्यात किमान १ वर्ष पिंपात आणि ६ महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षं, २ पिंपात आणि २ बाटलीत. त्यानंतरच विक्री. इतकी वर्षं भांडवल अडकवून ठेवायचं आणि गार तळघर सांभाळायचं, हे काम तिथल्या उत्पादकाने आधीच केलेलं असतं. फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली बाटली मात्र कोवळी असतानाच बाजारात येते, आणि पुढची आठ-दहा वर्षं ती मुरवायची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते. ज्याच्या घराखाली दगडी तळघर आहे त्याला हे परवडतं. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा चाळिशीला टेकतो, तिथे मुरवण्याचा प्रत्येक महिना विजेवर आणि काळजीवर जातो. म्हणून आधीच मुरून आलेली बाटली इथे स्वस्त पडते.

पैसे नेमके कुठे जातात ते एकदा कागदावर मांडून पाहावं. परदेशी वाइनवर भारतात बरीच वर्षं एकूण १५० टक्के आयात शुल्क राहिलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी अधिभार अशी फोड झाली, बेरीज तीच राहिली. समजा, एक बाटली वाहतूक आणि विमा धरून बंदरावर ३०० रुपयांना पोचली. शुल्क ४५०, म्हणजे झाले ७५०. पुढे राज्याची आकारणी, व्हॅट, आयातदार, घाऊक व्यापारी आणि दुकानदार. यातला टक्केवारीचा भाग किमतीबरोबर वाढतो. पण जहाजाचं भाडं, लेबलची नोंदणी, गोदाम, स्टिकर चिकटवायची मजुरी हा खर्च ३०० च्या बाटलीला आणि ९०० च्या बाटलीला जवळपास सारखाच असतो. त्यामुळे फळीवरच्या सगळ्यात स्वस्त परदेशी बाटलीत खऱ्या वाइनचा वाटा सगळ्यात कमी. दीड हजारांच्या आतली परदेशी रेड घेण्यापेक्षा त्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची वरच्या दर्जाची बाटली घ्यावी. सुलाची रासा, फ्रातेल्लीची सेट्टे या वर्गातल्या वाइनना आयात शुल्क भरावं लागत नाही, आणि समुद्रावरचा उन्हाळाही सोसावा लागत नाही.

ऑस्ट्रेलियाचं गणित अलीकडे बदललं आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या व्यापार कराराप्रमाणे आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असलेल्या बाटलीवरचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि १० वर्षांत ते ५० वर उतरायचं आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीची सुरुवातच ७५ टक्क्यांपासून, शेवट २५ ला. ५ डॉलरच्या खालच्या बाटलीला यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियाची घ्यायची तर मधल्या किंवा वरच्या किमतीची घ्यावी. बरोसाची शिराझ, कूनावाराची कॅबरने आता दरवर्षी थोडी थोडी परवडणाऱ्या बाजूला सरकते आहे. शिवाय तिकडच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. बूच खराब निघण्याची भीती नाही आणि आडवी ठेवण्याची सक्ती नाही, हे पुण्यासारख्या ठिकाणी फार सोयीचं आहे.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर

औंध-बाणेर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क इथल्या मोठ्या वातानुकूलित दुकानांत बाटली हातात घेऊन पाहता येते. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या जाळीच्या खिडकीच्या वाइन शॉपमध्ये ती मागावी लागते. मागायला संकोच करू नये. समोरचा माणूस 'रिओजा' म्हणेल, कारण स्पेलिंगमध्ये 'जे' आहे. तुम्हीही तसंच म्हणा, बाटली लवकर मिळेल.

आधी मागची बाजू बघा. रिओहाच्या प्रत्येक अस्सल बाटलीवर तिथल्या नियामक मंडळाची टपाल तिकिटाएवढी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर क्रमांक असतो. पिंपात मुरवण्याची अट नसलेल्या साध्या वाइनला हिरवी, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाला निळी. पुढच्या लेबलवर कितीही सोनेरी वेलबुट्टी असो, मागची पट्टी हिरवी असेल तर तिला क्रियान्साचे पैसे देऊ नका.

मग आयातदाराचं पांढरं स्टिकर. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक, छापील किंमत आणि आयातीचा महिना असतो. बहुतेक गिऱ्हाइकं पुढचं द्राक्षाचं वर्ष वाचतात आणि हा महिना वाचतच नाहीत. पुण्यात मात्र तोच जास्त महत्त्वाचा. २०१९ ची क्रियान्सा गेल्या नोव्हेंबरात आली असेल तर तिने भारतातला उन्हाळा पाहिलेलाच नाही. तीच बाटली तीन वर्षांपूर्वी आलेली असेल तर तीन मे महिने तिने कुठे काढले हा प्रश्न विचारायला हवा. दुकानातला एसी रात्री बंद होतो, सकाळी चालू होतो. दिवसा २४, रात्री ३२, पुन्हा दिवसा २४. या चढउतारात वाइन फुगते आणि आक्रसते, बूच ढिलं होतं, हवा आत शिरते. एकसारखं २६ अंश तापमान याहून पुष्कळ बरं.

तिसरी खूण बोटांनी समजते. गळ्यावरच्या वेष्टनाच्या माथ्यावर अंगठा फिरवा. आतलं बूच बाटलीच्या कडेशी सपाट लागलं पाहिजे. मध्ये टेंगूळ लागलं तर वाइनने बूच वर ढकललं आहे, म्हणजे ती तापली होती. वेष्टनाच्या कडेला चिकटपणा किंवा वाळलेला जांभळा ओघळ असेल तर ती पाझरली आहे. दोन्हींपैकी काहीही आढळलं तर बाटली परत ठेवा, सवलत देत असले तरी. पातळीही बघा: नव्या बाटलीत वाइन गळ्यात असते, बुचापासून एक-दोन सेंटिमीटरवर. चार-पाच वर्षांच्या बाटलीत ती खांद्यापर्यंत उतरली असेल तर काहीतरी बिघडलं आहे. व्हाइट वाइन पारदर्शक काचेत असेल तर रंग पाहा. फिकट गवती रंगाची असायला हवी ती काकवीकडे झुकली असेल तर संपली.

फळीवरची, दिव्याखाली उभी राहिलेली बाटली घेण्याऐवजी "दादा, पेटीतली द्या" असं म्हणा. पेटी सहसा खाली किंवा मागच्या खोलीत असते, अंधारात आणि थोडी गार. खरेदीचा काळही पाळा. दिवाळीपासून होळीपर्यंत घ्या. एप्रिल ते जून फक्त त्याच आठवड्यात प्यायची तेवढीच घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवून पुढच्या कामाला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासाभरात जे होतं ते नंतर कुठल्याही फ्रिजने भरून येत नाही.

लेबलवरचे काही शब्द फसवतात. चिलीच्या 'रेसेर्वा'ला स्पेनसारखं वर्षांचं बंधन नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेच्या 'रिझर्व्ह'ला तर कायद्याने काही अर्थच नाही. 'जुन्या वेली' हा शब्द आकर्षक आहे, पण किती जुन्या ते लेबल सांगत नाही. स्पेनच्या 'रोब्ले'चा अर्थ ओक, म्हणजे काही महिने पिंपात, क्रियान्साएवढे नाही. 'होवेन' म्हणजे कोवळी, ताजी. तीही चांगली असू शकते, पण तिला साठवायचं नसतं. आणखी एक: रिओहाबाहेर स्पेनच्या बऱ्याच भागांत क्रियान्साला पिंपात ६ महिनेच पुरतात. शब्द तोच, ओक निम्मा. रिबेरा देल दुएरो हा भाग मात्र रिओहासारखाच वर्षभर पिंपात ठेवतो.

कुठली घ्यावी

रिओहाचं मुख्य द्राक्ष टेंप्रानियो. स्पॅनिशमध्ये 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं. जुन्या पद्धतीची रिओहा अमेरिकन ओकच्या पिंपात मुरते आणि त्यातून तिला व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो. खाली वाळलेली चेरी, जुन्या चामड्याची बॅग, थोडी तंबाखू. तुरटपणा मऊ झालेला असतो. म्हणून पहिल्यांदाच चांगली रेड पिणाऱ्यालाही ती रुचते. फ्रेंच ओक वापरणाऱ्या नव्या पद्धतीच्या उत्पादकांची वाइन जास्त काळीभोर, लवंग-दालचिनीच्या बाजूची. दोन्ही चांगल्या, पण साठवणीला जुनी पद्धत भरवशाची.

नावं घ्यायची तर कांपो व्हिएहो हे भारतात सगळ्यात सहज दिसणाऱ्या रिओहांपैकी एक. तिची साधी टेंप्रानियो रोजच्या जेवणाला ठीक, पण फरक खरा जाणवतो तो रेसेर्वात. मार्केस दे रिस्काल हे वाइन बनवणारं घर १८५८ चं. त्याच्या बाटलीवरची सोनेरी तारेची जाळी शोभेची नाही. रिकाम्या बाटलीत दुसरी वाइन भरून विकता येऊ नये म्हणून ती सुरू झाली. उघडताना जाळी वर ओढत बसू नका, गळ्याजवळ छोट्या कात्रीने कापा. क्यूने, म्हणजे लेबलवर 'सी-व्ही-एन-ई', हे १८७९ चं घर. त्यांच्या इंपेरियाल ग्रान रेसेर्वा २००४ ला अमेरिकेच्या वाइन स्पेक्टेटरने २०१३ ची सर्वोत्तम वाइन ठरवलं होतं. ला रिओहा आल्ता (१८९०) आणि लोपेस दे एरेदिया (१८७७) ही जुन्या पद्धतीची सर्वांत निष्ठावान घरं. दिसली आणि बाटलीची तब्येत चांगली असली तर पैशांचा जास्त विचार करू नये.

वर्षांचं थोडक्यात: रिओहाच्या नियामक मंडळाने २०१०, २०११ आणि २०१९ या हंगामांना 'उत्कृष्ट' असा सर्वोच्च दर्जा दिला. २०१७ मध्ये एप्रिलअखेरीच्या हिमाने पीक मोठ्या प्रमाणात गेलं. क्रियान्सा द्राक्षाच्या वर्षापासून ५ ते ८ वर्षांत संपवावी, रेसेर्वा ८ ते १२ मध्ये, चांगली ग्रान रेसेर्वा २० पर्यंतही टिकते. पुण्यात या आकड्यांतून दोन-तीन वर्षं वजा करून चालावं.

रिबेरा देल दुएरोतही टेंप्रानियोच, पण समुद्रसपाटीपासून ७५०-८५० मीटर उंचीवर, गार रात्रींत पिकलेलं. साल जाड, रंग गडद, तुरटपणा भरपूर. हिला खरोखर साठवण लागते आणि किंमतही चढी. घरी वाइन कुलर, म्हणजे बाटल्या ठरावीक तापमानाला ठेवणारा छोटा फ्रिज, असेल तरच घ्या. स्पेनच्याच प्रिओरात भागातल्या वाइनचंही तसंच.

खऱ्या अर्थाने स्वस्त आणि मस्त हवं असेल तर नजर स्पेनच्या कालातायुद, कांपो दे बोर्हा आणि हुमिया या भागांकडे वळवा. पहिल्या दोन ठिकाणी गार्नाचा हे द्राक्ष, तिसऱ्या ठिकाणी मोनास्त्रेल. हुमियाचं स्पेलिंगही 'जे'पासून सुरू होतं. तिथे पाऊस कमी, ऊन जास्त, वाइन दाट, जांभळासारखी, मद्यार्क १४-१५ टक्क्यांपर्यंत. मटणाच्या सुक्याबरोबर सुंदर लागते. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको, कारण मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात. रश्श्याला गार केलेली, हलकी गार्नाचा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, द्यावी. कातालुन्यातल्या तोरेस घराण्याची (१८७०) सांग्रे दे तोरो, गळ्यात प्लास्टिकचा चिमुकला बैल लटकवलेली, ही परंपरेने गार्नाचा-कारिन्येनाची. साठवणीची नाही, पण सहसा फसवत नाही.

व्हाइटमध्ये स्पेनच्या रियास बायशास भागातली, अल्बारिन्यो द्राक्षाची. अटलांटिक किनाऱ्यावर द्राक्षं मांडवावर चढवतात, म्हणून पावसातही हवा खेळती राहते. चवीला हिरवं सफरचंद, लिंबाची साल, शेवटी किंचित खारटपणा. सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीला यापेक्षा चांगली जोड शोधावी लागेल. रुएदाची व्हेर्देहो याहून स्वस्त. दोन्ही ताज्याच प्यायच्या. द्राक्षाचं वर्ष तीनपेक्षा मागचं असेल तर घेऊ नका.

कावा ही स्पेनची फेसाळ वाइन. शॅम्पेनप्रमाणेच दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, मात्र द्राक्षं वेगळी: माकाबेओ, शारेल्यो, पारेयादा. साधी कावा यीस्टच्या साक्यावर किमान ९ महिने, रेसेर्वा १८, ग्रान रेसेर्वा ३०. शॅम्पेनच्या निम्म्याहून कमी पैशांत त्याच पद्धतीची वाइन मिळते, हे स्पेनचं दुसरं मोठं देणं. कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा, तेलातलं काहीही असो, कावाचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन टाकतात. 'ब्रूट नातुरे' म्हणजे वरून साखर अजिबात घातलेली नाही. गोडीची सवय असलेल्यांसाठी 'ब्रूट' घ्या.

शेरी म्हणजे दक्षिण स्पेनची, वरून मद्यार्क घातलेली वाइन. तिच्याकडे इथे कुणी बघत नाही याचं वाईट वाटतं, कारण पुण्याच्या हवेला इतकी सोशिक वाइन दुसरी नाही. ओलोरोसो ही गडद शेरी वर्षानुवर्षं हवेच्या संपर्कातच मुरलेली असते. उघडल्यावरही महिना-दीड महिना फ्रिजमध्ये छान राहते. अक्रोड, खारीक, कडक कॅरामल, तरीही कोरडी. दिवाळीच्या चिवड्याबरोबर, खारवलेल्या काजूबरोबर घेऊन पाहा. फिनो आणि मान्सानिया या फिकट शेरी मात्र उलट्या स्वभावाच्या. भरल्यापासून वर्षाच्या आत प्याव्या, उघडल्यापासून आठवड्यात.

इतर देशांतून थोडं थोडं. पोर्तुगालच्या दौरोची रेड आज स्पेनला टक्कर देणारी आहे. पोर्ट या तिथल्या गोड वाइनचीच द्राक्षं, त्याच डोंगरउतारावरच्या बागा. चिलीची कार्मेनेर, विशेषतः कोल्चाग्वा खोऱ्यातली, भोपळी मिरचीच्या वासाची, रोजच्या जेवणाला. कॉन्चा इ तोरोची कासिएरो देल दियाब्लो याच वर्गात. अर्जेंटिनातल्या मेंदोझाची मालबेक दोन हजारांच्या आसपास समाधान देते. जर्मन रीसलिंग थोडी गोडसर, आंबट, कमी मद्यार्काची. मराठी जेवणातल्या चिंच-गुळाला हिच्याइतकी जवळची वाइन नाही, आणि साठवणीतही ती दहा वर्षं सहज चालते. फ्रान्समधून चार हजारांच्या आत घ्यायची तर बोर्दो सोडून ऱ्होनकडे जा.

घरातली साठवण

वाइनला हवं काय? १२ ते १४ अंश तापमान, तेही स्थिर. ६०-७० टक्के आर्द्रता, म्हणजे बूच सुकत नाही. अंधार. हादरे नकोत, फिनाइल-डांबरगोळ्यांचा वास नको. बूच असलेली बाटली आडवी. पुण्यातल्या घरात साधारणपणे हिवाळ्यात २०-२२, पावसाळ्यात २५-२६ आणि मेमध्ये ३२-३४ अंश असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणजे वाइन लवकर मुरते असं नाही, ती शिजते. चेरीच्या जागी मुरांबा, मग गुळाचा पाक, मग काहीच नाही.

कुलर नसेल तर सहा महिन्यांपलीकडे काही ठेवू नका आणि ते सहा महिने ऑक्टोबर ते मार्च असू द्या. माळ्यावर कधीच नाही, कारण गरम हवा वर जाते आणि स्लॅब रात्रभर तापलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीलगतचं कपाटही नको, दुपारचं ऊन तिच्यातून आत येतं. घराच्या मधल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा घ्या आणि त्यात झाकणाचा थर्माकोलचा खोका. त्याने तापमान कमी होत नाही, पण दिवसाचा चढउतार बसतो. स्वयंपाकघरातला फ्रिज महिन्याभरासाठी चालेल. त्याहून जास्त नको: ४ अंशांची कोरडी हवा बूच सुकवते.

चार हजारांच्या वरच्या बाटल्या वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील तर वाइन कुलरला पर्याय नाही, आणि तो कॉम्प्रेसरचाच हवा. बाजारात स्वस्त, नाजूक दिसणारे कुलर थर्मोइलेक्ट्रिक असतात. आवाज नाही, थरथर नाही, पण खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ अंशच खाली जातात. मेमध्ये खोली ३५ असेल तर आत २० च्या खाली उतरत नाही आणि पंखा दिवसरात्र फिरून वर्ष-दोन वर्षांत दम टाकतो. नेमकं ज्या दोन महिन्यांसाठी घेतला त्याच महिन्यांत तो कमी पडतो. माहितीपत्रकात 'किती अंश सभोवतालच्या तापमानापर्यंत' हा आकडा शोधा. ३८ च्या खाली असेल तर पुण्यासाठी घेऊ नका.

'२४ बाटल्यांचा' कुलर म्हणजे २४ सरळ खांद्याच्या, बोर्दो आकाराच्या बाटल्या. कावा आणि बर्गंडीच्या बाटल्या पोटाने रुंद असतात, त्या मिसळल्या की १८-१९ मावतात. १२ ची गरज वाटत असेल तर २४ चा घ्या. दोन तापमानांचे दोन कप्पे हवेत असं विक्रेते सांगतात. साठवणीला एकच १३ अंश पुरतो, थंड करायला घरचा फ्रिज आहेच. काचेचं दार अतिनील किरणं अडवणारं असावं आणि तरीही ते खिडकीसमोर नको. मागे आणि बाजूंना दहा सेंटिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर उष्णता तिथेच कोंडते. बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका: पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवा, सकाळी दिसेल तेच खरं तापमान. ते दोन-तीन अंश जास्त निघालं तर सेटिंग तेवढं खाली घ्या. स्टॅबिलायझर लावा. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला कुलर चार-पाच तास सहज तग धरतो, अर्धा रिकामा तेवढा धरत नाही.

पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते. वाइनला त्याने काही होत नाही, पण वर्ष वाचता येईनासं होतं. बाटली ठेवतानाच लेबलवर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळा. ओलावा शोषणाऱ्या पुड्या आत टाकू नका, त्या बूच सुकवतात.

दोन गोष्टी कायद्याच्या. महाराष्ट्रात वाइन विकत घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, आणि घरी साठा करायचा तर परवाना. आयुष्यभराचा परवाना काढून ठेवावा आणि त्यावरची साठवणीची मर्यादा वाचून मगच कुलरचा आकार ठरवावा. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर ५०० मिलीची एक. त्या ५०० मिलीच्या जागी शेरी आणावी, पुष्कळ चांगल्या शेरी त्याच मापात मिळतात. उरलेल्या दोन जागा इथे न मिळणाऱ्या ग्रान रेसेर्वासाठी ठेवा. इथे सहज मिळणारी क्रियान्सा बॅगेतून वाहून आणण्यात अर्थ नाही.

उघडताना

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. पुण्यात रेडलाही २०-२५ मिनिटं फ्रिज दाखवा, १६-१८ अंशांवर आणा. कावा ६ ते ८ वर. उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच नासलं आहे. हवेत ठेवून तो जात नाही, उलट वाढतो. दुकानं अशी बाटली सहसा परत घेत नाहीत. तरी बिल आणि बूच ठेवा, बाटली पुन्हा बंद करा आणि स्टिकरवरच्या आयातदाराच्या क्रमांकावर कळवा. बुचाच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक आहेत.

साठवायची रेसेर्वा घ्यायची तर एक न घेता तीन घ्या, एकाच पेटीतल्या, एकाच आयात महिन्याच्या. पहिली पंधरा दिवस विसावल्यावर उघडा आणि तुरटपणा, फळ, ओक यांची दोन ओळींची नोंद बाटलीच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर नव्हे, वहीत करा, कारण चिठ्ठी बाटलीबरोबर जाते. दुसरी दोन वर्षांनी. तिच्यात फळ अजून ठणठणीत असेल तर तिसरीला आणखी तीन वर्षं द्या. फळ मावळायला लागलं असेल तर तिसरी त्याच महिन्यात संपवा. तिसरी उघडायच्या आदल्या दिवशी तिला उभी करून ठेवा म्हणजे साका तळाशी बसेल. मग गळ्याखाली मोबाइलचा दिवा धरून एका धारेत सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता. खांद्याशी गढूळ रेघ दिसली की थांबा. तळाचे दोन घोट सोडून द्यायचे.